मालकंस की धानी?

आमच्याकडं गायनाच्या प्रॅक्टिकलला तंबोऱ्यांची जोडी सकाळी एकदाच सुरात लावतात. मुलींचा दिवस असेल तर काळी पाच, मुलांचा असेल तर काळी एक, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीचा सूर हाच सा. एखादीची पट्टी वेगळी निघाली तर तिचं नशीब. बाहेरच्यांना पटत नाही, पण पदवीला गाणं घेतलेल्या मुलीचा सा बऱ्याचदा तिचा गळा ठरवत नाही, विभागातल्या तारा ठरवतात. काळी पाचच्या बारीक तारा पांढरी चारवर उतरवल्या की सैल पडतात. मग घोडीवरचा जीव, म्हणजे तारेखालचा दोरा, हवा तेवढा सरकवत बसा, जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काही उघडत नाही. जाड तारा चढवाव्यात तर त्या बसेपर्यंत दुपार होते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा गणपतीपासून दुरुस्तीला पडून आहे, आणि मोबाईल परीक्षेच्या खोलीत चालत नाही.

मी बेळगावातल्या शहापूरहून पेटीच्या साथीला जातो. पेटीवाल्यानं परीक्षेत मत द्यायचं नसतं, म्हणून इथं लिहितोय.

मुलगी खानापूर भागातली. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आवाज रुंद, ढाला, खाली मोकळा आणि तार सप्तकात गेला की चिरकणारा. पहिल्या वर्षापासून तिला एकच सल्ला मिळालाय, ‘आवाज वर काढ.’ परीक्षकांच्या टेबलामागं भिंतीवर गंगूबाई हनगलांचा फोटो आहे. घशाच्या उपचारानंतर बाईंचा आवाज जड झाला आणि त्याच आवाजावर त्या जगभर ओळखल्या गेल्या, हे आमच्या धारवाड-बेळगाव पट्ट्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्या फोटोखाली बसून पोरींना काळी पाचला ताणायचं!

तर तिचा नंबर आला. पसंतीचा राग मालकंस. बसताना तिनं विचारलं, “पट्टी उतरणार नाही काय काका?” मी मान हलवली. तिनं तंबोऱ्याची पहिली तार दोनदा छेडली, डोळे मिटले आणि सा लावला. तिचा सा त्या पहिल्या तारेवरच होता.

इथं जरा थांबून सांगायला हवं. काळी पाचच्या तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची, म्हणजे पांढरी चार. मधल्या दोन तारांची जोड आणि शेवटची खर्जाची तार काळी पाच. आता पांढरी चारला सा मानला, तर काळी पाच होते शुद्ध मध्यम. मालकंसाला पंचम वर्ज्य असल्यानं तंबोरा मध्यमावरच लावतात. म्हणजे एकही खुंटी न पिळता तिला सा आणि म दोन्ही आयते मिळाले. तबला काळी पाचला चढवलेला, तोही तिच्या मध्यमावर बसला. मालकंसाला तेही चालतं.

अडचण एकच. जोड आणि खर्ज दोन्ही मध्यम, सा फक्त एका तारेत. त्यामुळं कान सारखा मध्यमालाच षड्ज समजायला बघतो, आणि मालकंसाचा मध्यम षड्ज धरला की ऐकू येते धानी, म्हणजे दुसराच राग. त्यातून मालकंसाचा वादी, म्हणजे मुख्य सूरही मध्यमच, ती तिथंच जाऊन विसावत होती. तबल्यावरचा पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी डाव्या हातानं भाता चालवत पांढरी चारचा सूर धरून ठेवला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या आजूबाजूलाच ठेवली. त्यानं पारडं सा कडं झुकलं. विलंबितात तिनं मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला धैवत असा लावला, की मी एवढी वर्षं त्या खोलीत बसतो, तसा धैवत तिथं लागलेला आठवत नाही.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “इदु मालकंस अल्ल,” हा मालकंस नव्हे, ही तर काळी पाचची धानी. आमच्या विभागाचे सर म्हणाले, धैवत ऐकला नाही का, पांढरी चारचा मालकंसच आहे. दोघंही मुरलेले. त्यांच्यापुढं मुलगी ताठ बसून राहिली. मग बाहेरच्यांनी माझ्याकडं बोट केलं. “पेटीवाल्यानं सा सुचवला.” खोटं नव्हतं. पण साथ म्हणजे दुसरं काय असतं?

शेवटी बाहेरचे परीक्षक म्हणाले, “यमन गा.”

यमनात मध्यम तीव्र. तिचा सा पांढरी चारला ठेवला तर तारांमधला शुद्ध मध्यम प्रत्येक तीव्र मध्यमाशी भांडणार. वाट बंद. ती निमूट काळी पाचवर चढली आणि तार गंधाराला आवाज फुटला. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. त्यांनी यमन सहज मागितला की वाट अडवायला, हे मला अजून ठरवता येत नाही. माणूस वाईट नव्हता. नंतर व्हरांड्यात चहा घेताना म्हणाले, पोरीला कान आहे, अभ्यासक्रम नाही. आमचे सर तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. पण खोलीत एकदा बोलून ते गप्प झाले ते झालेच.

घरी शिकायला येणाऱ्या पोरांना मी तसाच तंबोरा लावून मालकंस ऐकवला. निम्मी धानी म्हणाली. पेटीवर सा धरला तेव्हा त्यातली बरीच फिरली. मग राग ठरवतं कोण, गाणारा की तारा? भांडण अजून चालू आहे.

मिरजेहून जाड तारांचा तिसरा तंबोरा मागवावा म्हणून विभागात अर्ज दिलाय. कारकुनानं विचारलं, किती विद्यार्थिनी वापरणार? मी म्हटलं, सध्या एक. त्यानं रकान्यात ‘एक’ लिहिलं आणि फाईल खालच्या गठ्ठ्यात सरकवली.