तुम्ही विचारलंत म्हणून: यानं खेळ सुधारतो का?

समोर कोणी नसताना पट मांडून बसलेली दिसले की हमखास विचारणा होते: "एवढं काय बघताय?" मी सांगते, पुढे काय खेळायचं ते नाही, डाव इथवर आला कसा ते शोधतेय. बुद्धिबळातल्या या कोड्यांना रेट्रो म्हणतात. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच. "यानं खेळ सुधारतो का?"

नाही. कित्येक वर्षं ही कोडी सोडवतेय आणि घड्याळ लावून खेळायला बसले की पूर्वी हरायचे तशीच हरते.

मग कशासाठी, हे तोंडी सांगण्यापेक्षा मी बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या आपापल्या घरी मांडते आणि विचारते, चाल कोणाची? "पांढऱ्याची. हे काय विचारणं झालं?" कशावरून? दोघांनी घोडे थोडे फिरवून परत आणले असतील आणि आता पाळी काळ्याची असेल तर? इथे समोरचा जरा सावरून बसतो.

प्यादं मागे येत नाही, त्यामुळे सगळी प्यादी जागेवर असतील तर एकही हललेलं नाही. म्हणजे राजा, वजीर आणि दोन्ही उंट पहिल्यापासून कोंडलेलेच. हलू शकतात फक्त घोडे, आणि घोडा उठला की त्याच्या रिकाम्या घरात सरकणारा हत्ती. हत्तीला तिथून पुढे वाट नाही, जितक्या वेळा सरकेल तितक्या वेळा परत येईल; त्याच्या चाली सम. घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो, तेव्हा निघाल्या घरी परतायला त्यालाही सम चालीच लागतात. "आणि दोन घोड्यांनी जागा अदलाबदल केल्या असतील तर?" हे ज्याला सुचतं तो माझा माणूस. पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८; पांढऱ्याचे घोडे बी१ आणि जी१ वर असतात. एक घर पांढरं, दुसरं काळं. अदलाबदल झाली तर प्रत्येकाच्या चाली विषम, आणि दोन विषम मिळून पुन्हा सम. काळ्याची पाळी असायला पांढऱ्याची एक चाल जास्त झालेली हवी. दोन सम आकड्यांत एकाचा फरक पडत नाही. किती का वेळ खेळेनात, हा पट काळ्याच्या पाळीला येणं अशक्य.

घोडा ए१ वरून निघून प्रत्येक घरी एकदाच जात एच८ वर थांबेल का, हे कोडंही याच रंगावर सुटतं: त्रेसष्ट चाली, म्हणजे शेवटी उलटा रंग, आणि ती दोन्ही घरं एकाच रंगाची. पण त्यात एकदा कळलं की पुन्हा बघण्यासारखं काही राहत नाही, असं माझं मत.

मला गुंतवलं ते टिबोर ऑर्बान यांच्या १९७६ सालच्या कोड्यानं. पट असा: पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं ई४ वर आणि राजाशेजारचा उंट नाहीसा, बाकी सगळं घरी. काळ्याची प्यादी सी६ आणि ई६ वर, डी७ रिकामं, बाकी सगळं घरी. काळ्याची चौथी चाल नुकतीच झाली आहे. डाव कसा झाला?

मी ताबडतोब खेळून दाखवला. प्यादं ई४, प्यादं ई६. उंट बी५, प्यादं सी६. उंटानं सी६ वरचं प्यादं खाल्लं, डी-प्याद्यानं उंट खाल्ला. पट जुळला, पण तीनच चालींत. एक चाल वाया घालवायला हवी. पांढऱ्याला ते सोपं आहे, उंट वाटेत ई२ वर थांबला की झालं. काळा काय करणार? घोडा बाहेर काढून परत आणला तर दोन चाली जातात. उंटानं डी६, ई७ करत घर गाठलं तर तीन. नेमकी एक कशी घालवायची? कोडं चुकीचं छापलंय, अशी एक अख्खी संध्याकाळ माझी खात्री होती.

उत्तर असं. प्यादं ई४, प्यादं ई६. उंट बी५, राजा ई७. उंटानं डी७ वरचं प्यादं खाल्लं, काळ्यानं सी-प्यादं एक घर पुढे टाकलं. आता पांढरा उंट रिकाम्या ई८ वर, खुद्द काळ्या राजाच्या घरात जाऊन बसतो. राजा त्याला खातो आणि घरी परततो. सी६ वरचं प्यादं डी-चं वाटत होतं, ते सी-चंच निघालं. जो कधी उठलाच नाही असं वाटत होतं, तोच फिरून आला होता.

रेट्रोत कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती दोघांनाही एकाच चालीत हलवण्याचा, एक संकेत आहे; दोघांपैकी कोणीही आधी हललेलं असेल तर ते करता येत नाही. राजा आणि हत्ती घरी असतील तर, ते हलल्याचं सिद्ध होईपर्यंत, कॅसलिंग करता येतं असं धरायचं. एन पासाँचं, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं लगेच, ते एकच घर आल्यासारखं खाण्याचं, उलटं: आधीची चाल त्याच प्याद्याची दोन घरांची होती हे सिद्ध झालं तरच ते प्यादं खाता येतं. राजाला संशयाचा फायदा मिळतो, प्याद्याविरुद्ध पुरावा लागतो. हे मला फार आवडतं.

अलीकडे हे कोडं दाखवलं तेव्हा एकीनं उत्तर ऐकून घेतलं, थोडा वेळ पटाकडे बघितलं आणि विचारलं, "मग आता काळ्याला कॅसलिंग करता येईल का?" तीन चालींत आलेला असेल तर पुढे करता येईल. चार चालींत आलेला असेल तर कधीच नाही. सोंगट्या त्याच, घरं तीच. ती म्हणाली, "म्हणजे नुसतं बघून कळणारच नाही." आणि खुर्ची ओढून बसली.