हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला शिडाच्या बोटीत मुक्काम, आणि केबिनच्या दाराला शिवलेला पडदा

फेब्रुवारीत मी आणि मामेभावाने चांगदेवजवळ, जिथं पूर्णा तापीला मिळते तिथून, बोट पाण्यात सोडली. 18 फुटी बोट, केबिन म्हणजे दोघं जेमतेम आडवे होतील एवढीच, दार मागच्या बाजूला. दिवस फार सुंदर गेला, मंद वारा आणि पाणपक्षी तर इतके की शीड सोडून नुसतं बघत बसलो, सोबत भरीत आणि कळण्याची भाकरी.

संध्याकाळी नाक काठाकडे करून बोट बांधली आणि तीच चूक झाली. रात्री अवकाळी आली, वारा मोकळ्या पाण्यावरून, म्हणजे पाऊस थेट दारातून आत, गाद्या चिंब. नुसता नाकाकडून नांगर टाकला असता तर बोट आपोआप वाऱ्याकडे वळली असती आणि दार आडोशाला राहिलं असतं. मग मी बाहेरून निळी ताडपत्री करकचून बांधली, भाऊ आत, थोड्या वेळाने त्याला बाहेर यायचं तर ओली गाठ सुटेना, शेवटी चाकूने दोरी कापली. तेव्हा बोटीत पाणी भरत असतं तर? अजून आठवलं की धस्स होतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो, दाराला काहीही लावा पण ते आतून एका हाताने उघडलं पाहिजे.

घरी आल्यावर भुसावळला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या काकांकडून पांढरी जाड ताडपत्री शिवून घेतली (ती निळी पातळवाली आपल्या उन्हात टिकत नाही, तिचे धागे सुटतात). दारावर कापड तोलून धरायला कमान, ती वायरिंगच्या 20 मिमी पाइपची. पाइपात वाळू ठासून भरा, मग गरम करून वाकवा, नाहीतर चपटा होतो. दोन्ही टोकं बोल्टवर, म्हणजे नको तेव्हा कमान पुढे आडवी पडते. कापडाला नेफा शिवून त्यात कमान, कापडाचं पुढचं टोक दाराच्या वरच्या सरकत्या झाकणाच्या पुढे केबिनच्या छतावर, आणि मागे खाली लोंबता पडदा, त्याच्या खालच्या नेफ्यात लाकडी पट्टी म्हणजे फडफडत नाही. बाजूला वेल्क्रो, गाठ कुठेच नाही. उंची ठरवताना आधी बूम (शिडाच्या खालची आडवी दांडी) इकडून तिकडे फिरवून बघा, कमानीला लागता कामा नये. कापडाला उतार द्याच, नाहीतर पाणी साचून पोट येतं. स्क्रूच्या भोकात सिलिकॉन भरायला विसरू नका.

दाराच्या फळ्यांचे सांधे सरळ होते, ते 45 अंशात तिरपे कापून घेतले, उतार बाहेरच्या बाजूला, आता पाणी आत न येता बाहेर ओघळतं. फळीच्या कडेला ठिबक सिंचनाची 16 मिमी लॅटरल (नळी) उभी चिरून बसवली, रावेरकडे केळीच्या शेतात जुने तुकडे कुणीही देतो, फट एकदम बंद.

मार्चमधे परत गेलो, पाऊस नव्हता म्हणून भावाने बाहेरून बादल्या मारल्या, गादी कोरडी! पण वरती चार बोटं फट मोकळी ठेवा, श्वासाचा दमटपणा पहाटे छतावरून ठिबकतो, आणि पडदा लावून आत स्टोव्ह अजिबात पेटवायचा नाही, विषारी वायू साचतो.

जाणाऱ्यांनी परवानगीचं आधी जलसंपदाच्या ऑफिसात विचारा, लाइफ जॅकेट अंगातच ठेवा. पावसाळ्यात मात्र नकोच, धरणाचे 41 दरवाजे आहेत, ते उघडले की ओढ फार लागते.