सात पोर्ट असूनही गाडी ढिम्म

"काका, हे इंजिन परत करता येईल का? सात पोर्टचं म्हणून हौसेनं घेतलं, पण याच्यापेक्षा माझं जुनं तीन पोर्टचं बरं पळायचं." सुट्टीत ठाण्याहून पुण्याला आलेला कॉलेजचा मुलगा. रिमोटवर चालणारी वन-एट स्केलची (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची) बग्गी, 3.5 सीसीचं नवं कोरं इंजिन. पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या, वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या.

मागच्या मैदानात गाडी सोडली. फुल थ्रॉटलला नुसतं घुरघुरत होतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट, पाइपच्या तोंडातून तेल ठिबकत होतं. हेडवर टेंपरेचर गन धरली तर जेमतेम 80 अंश. मला तिथे 100 ते 115 लागतात. इतकं थंड चालवणंही वाईटच. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता असतो, तो तापून पुरेसा फुगला नाही तर पिस्टन तिथे घासत राहतो.

खणातले जुने लायनर काढून त्याच्यासमोर ठेवले. जास्त खिडक्या म्हणजे ताजं मिश्रण जास्त बाजूंनी आत येतं, जळका वायू नीट बाहेर ढकलला जातो. पण त्याचा फायदा मिळतो वरच्या आरपीएमला. त्यातही खिडकीची वरची कड किती उंच, ती उघडते कधी, मिश्रण कुठल्या कोनात फेकते, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. बॉक्सवर मात्र आकडाच ठळक छापतात, कारण विकला तोच जातो.

"नीडल कुठे सेट केलीस?" नीडल म्हणजे इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू.

"ठाण्यात. इथे ऊन जास्त म्हणून अजून थोडी उघडली, इंजिन थंड राहावं म्हणून."

मेख तिथेच होती. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, हवेचा दाब सहाएक टक्के कमी. वर मे महिन्याचं ऊन. दोन्हींमुळे हवा विरळ, म्हणजे इंधनही कमीच हवं. यानं उलट वाढवलं! जुनं इंजिन खालच्या आरपीएमला ओढायचं, त्यामुळे मिश्रण रिच (इंधन जास्त) असलं तरी चालून जायचं. नवं आपल्या आरपीएमपर्यंत चढतच नव्हतं.

हाय स्पीड नीडल जराशी आत, गाडीच्या मैदानात दोन फेऱ्या, पुन्हा जराशी. आवाज मोकळा झाला. मग लो स्पीड नीडल. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) इंधनाची नळी चिमटीत धरली. आरपीएम किंचित चढला आणि तीनेक सेकंदांनी इंजिन बंद पडलं, म्हणजे मिश्रण जमलं. हेड 108. धुराची बारीक निळसर रेघ. ग्लो प्लगची (मिश्रण पेटवणाऱ्या प्लगची) तार करडी, ओलसर.

"ठाण्याला गेल्यावर सुरू करायच्या आधी नीडल थोडी उघड," मी बजावलं. या इंजिनाचं वंगण इंधनातूनच येतं, मिश्रण लीन (इंधन कमी) झालं की तेलही कमी पडतं.

गाडी आता मैदानाच्या टोकाला धूळ उडवत वळत होती. पठ्ठ्या विचारतो कसा, "काका, पोर्ट थोडे घासून मोठे केले तर?"

लायनरवरचा क्रोमचा मुलामा कडेनं एकदा उखडला की संपलं, म्हटलं. आधी हे इंजिन नीट मोकळं होऊ दे.