चार पाईप जोडायला तीन आठवडे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: फाटक बनवणारा वेल्डर दोन दिवसांत फाटक उभं करतो, मग एका गाडीच्या सांगाड्याला तुम्हाला तीन आठवडे कशाला?

वेल्डिंगला आम्हालाही तीनच दिवस लागतात. उरलेले दिवस जातात ते त्या तीन दिवसांत पाईप ओढला जाऊ नये म्हणून, आणि ओढला गेलाच तर वेळेत कळावं म्हणून.

१९५७ च्या लोटस सेव्हनच्या घाटाची, दोघांपुरती उघडी गाडी धरा. तिला २५ × २५ मिमीचा १६ गेज (१.६ मिमी जाडीचा) चौकोनी पाईप साधारण ४२ मीटर लागतो. ६ मीटरच्या सात लांब्या झाल्या. कापताना तुकडे वाया जातात म्हणून आठ घ्यायच्या. मीटरला १.१७ किलो, म्हणजे नुसता पाईप ५० किलोच्या आत. त्यातून साठेक तुकडे निघतात आणि बऱ्याच टोकांचा कोन वेगळा. टोक कटरवर कापलं तरी कानशीनेच बसवावं लागतं. सांध्यात नख शिरलं की पुन्हा कानस. फट मोठी तर भर जास्त, भर जास्त तर थंड होताना आकसणंही जास्त, आणि पाईप भर घातलेल्या बाजूला वाकतो. फाटक २ मिमी वाकलं तर कोणी बघत नाही. इथे तेच २ मिमी पुढच्या चाकाच्या कोनात उतरतात. गाडी एका बाजूला ओढते आणि टायर आतून झिजतो.

पुष्कळ जण जाड प्लायवर आखणी करून त्यावरच सांगाडा बांधतात. कोरड्या मुलखात चालतं. गोव्यात जूनमध्ये प्लाय फुगतं आणि रेषा कुठच्या कुठे जातात. म्हणून १०० मिमीच्या लोखंडी चॅनलचं टेबल, पाणसळीत बसवलेलं, त्यावर मध्यरेषा कायमची कोरलेली. सगळी मापं त्या रेषेपासून घ्यायची. बाजूच्या पाईपपासून कधीच नाही, कारण तो स्वतःच हलणार असतो.

आधी पूर्ण सांगाडा नुसत्या टॅकवर, म्हणजे सांधा धरून ठेवणाऱ्या वेल्डच्या ठिपक्यांवर, उभा करायचा. मग तळाचे दोन कर्ण मापायचे. फरक दीड मिमीच्या वर गेला तर ग्राइंडरने टॅक कापून पुन्हा बसवायचं. आत्ता हे दहा मिनिटांचं काम आहे, पूर्ण वेल्ड झाल्यावर जवळजवळ अशक्य. नंतर वेल्डिंग: पुढच्या डाव्या कोपऱ्यात वीस-पंचवीस मिमी, तिथून मागच्या उजव्या कोपऱ्यात, मग वरची बाजू. ज्या सांध्यावर हात ठेववत नाही, तिकडे परत जायचं नाही. बसून राहिल्यासारखं दिसतं, पण काम चालू असतं.

वेल्डिंगची वायर ०.८ मिमीची, करंट ७० ते ८० अँपिअर, आर्गॉन-सीओटूचा मिश्र गॅस. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंखा लावल्याशिवाय राहवत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. वाऱ्याने गॅस उडतो आणि आंबोळीला पडते तशी जाळी वेल्डमध्ये पडते. वरून कधी दिसते, कधी नाही. पंखा सांध्याकडे पाठ करूनच ठेवायचा.

शेवटचं टोक बंद करताना आतली हवा तापून वितळलेल्या धातूतून बाहेर फुटते आणि सुईएवढं भोक राहतं. त्यासाठी पाईपला आधी ३ मिमीचं भोक पाडायचं, सांधा थंड झाल्यावर ते बुजवायचं. सुईचं भोक तसंच राहिलं तर पावसाळ्यात दमट हवा आत जाते आणि पाईप आतून गंजतो. म्हणून 'जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईपच वापरा' असं सांगणारेही असतात. वेल्डच्या जागी जस्त जळून जातं, धुराने रात्री ताप भरतो आणि सांधा पोकळ होतो. नाही वापरत.

वेल्ड घासून गुळगुळीत करून मागू नका, ही एक विनंती. १.६ मिमीच्या पाईपवर घासून काढता ती भर म्हणजेच ताकद.

विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्यांचे, ब्रॅकेट ३ मिमी पट्टीचे, आणि लागतात सर्वात शेवटी, कारण तोवर सांगाड्याला जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. पुढच्या-मागच्या जोडीतून एकच सरळ सळई घालून टॅक मारायचा. वेल्ड करताना ब्रॅकेटचे दोन कान आत ओढले जातात, म्हणून मध्ये बुशच्या लांबीचा लोखंडी तुकडा घालून बोल्ट आवळायचा. खरा रबरी बुश घातलात तर जळेल.

तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करणार असाल तर मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा थर हवाच, रिव्हेटही बंद तोंडाचे. लोखंड, ॲल्युमिनियम आणि खारी हवा एकत्र आली की पत्रा पांढरी पूड होऊन सुटतो. पावडर कोटिंग दिसतं छान, पण एक टवका उडाला की गंज त्याखालून पसरत जातो. एपॉक्सी प्रायमरवर पीयू रंग बरा, हाताने डागडुजी करता येते.

पासिंगचं विचाराल तर सरळ उत्तर आहे. नव्या गाडीच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत चाचण्या द्याव्या लागतात. एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. जुन्या गाडीच्या कागदांवर नवा सांगाडा चालवायचा विचार मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतले फेरफार रोखणाऱ्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. आमचा सांगाडा ट्रॅकवर किंवा स्वतःच्या आवारात चालवण्यासाठी.

इंजिन 'मागाहून आणतो' म्हणू नका. मारुती ८०० चं आडवं इंजिन पुढची चाकं फिरवतं, या सांगाड्यात त्याला पुढे जागा नाही. जिप्सीचं लांबीत बसतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि चालवणारा माणूस, तिघेही पहिला पाईप कापण्याआधी इथे हवेत. त्याच्या पायांची लांबी घेतल्याशिवाय पेडलची आडवी पट्टी लागत नाही. आणि शक्यतो चवथीआधी आठवडाभर येऊ नका, तेव्हा टेबलावर दुसऱ्याच कोणाचा तरी सांगाडा असतो.