पासवर्ड बरोबर, नेट बरोबर, तरी खिडकी उघडेना

नागपुरात एका संशोधन संस्थेचे सर्व्हर सांभाळतो मी. मे महिन्यातली दुपार, कामठीहून एका पीएचडीवाल्या मुलीचा फोन आला, "सर, लॉगिन होते पण एनसीव्ह्यूची खिडकीच उघडून नाही राहिली, चार वाजता गाईडला पावसाचे नकाशे दाखवायचे आहेत." आवाज पार रडवेला. एनसीव्ह्यू म्हणजे हवामानाच्या डेटाचे नकाशे दाखवणारा प्रोग्राम, तो चालतो सर्व्हरवर पण त्याची खिडकी उघडायची असते तिच्या पीसीवर.

एरर होता 'एक्स११ कनेक्शन रिजेक्टेड बिकॉज ऑफ राँग ऑथेंटिकेशन', म्हणजे ओळख चुकीची म्हणून एक्स११ने (लिनक्समधली खिडक्या दाखवणारी यंत्रणा) जोडणी नाकारली. हे वाचून कोणीही पासवर्डवरच संशय घेईल, तिनेही बदलून पाहिला होता, पण त्याचा इथे संबंधच नसतो. एसएसएच -एक्स ने (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची कमांड, -एक्स म्हणजे तिथल्या खिडक्या इकडे दाखव) आत गेलं की सर्व्हर एक्सऑथ नावाच्या प्रोग्रामकरवी तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट एक्सऑथॉरिटी फाईलमध्ये एक कुकी, म्हणजे गुप्त खूण, लिहून ठेवतो, प्रोग्रामने ती कुकी दाखवली तरच तुमच्या पीसीवरचं एसएसएच त्याला पुढे सोडतं, नाहीतर दारातूनच परत.

डिस्प्ले, म्हणजे खिडकी कुठे पाठवायची तो पत्ता, विचारला तर लोकलहोस्ट:१०.० आला, म्हणजे फॉरवर्डिंग (खिडकी पीसीकडे पाठवणं) सुरू होतं. मग एक्सऑथ लिस्ट करून साठवलेल्या कुकींची यादी काढायला लावली, तर १० नंबरची कुकीच नाही! लिहिली का गेली नाही? डीएफमध्ये, म्हणजे मोकळी जागा सांगणाऱ्या कमांडमध्ये, डिस्कवर भरपूर जागा दिसत होती. तिला म्हटलं होममध्ये एक नवी रिकामी फाईल टच कमांडने बनव, झाली, आता त्यात एक शब्द इको करून लिही, आणि लगेच 'डिस्क कोटा एक्सीडेड'. डिस्क रिकामी होती पण तिच्या वाट्याची जागा संपली होती, रिकामी फाईल बनते पण आत अक्षर मावत नाही.

खरं तर एक्सऑथ प्रत्येक लॉगिनला ओरडून सांगत होता की फाईल लिहिता येत नाहीये, पण तिच्या बॅशआरसीत (लॉगिनला आपोआप चालणारी सेटिंगची फाईल) कोणीतरी क्लिअर ही स्क्रीन पुसणारी कमांड टाकून दिलेली, त्यामुळे शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, सुरू होताच ती ओळ पुसली जायची. हे असलं सजवणं मला अजिबात पटत नाही, मशीनने सांगितलेलं माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचलंच पाहिजे.

होममध्ये पाहिलं तर क्रॅश झालेल्या मॉडेलच्या कोर फाईलींचा (प्रोग्राम कोसळताना त्याच्या मेमरीची जी प्रत मागे राहते ती) ढीग. तिला विचारून त्या उडवल्या, बॅशआरसीतलं क्लिअर काढून तिथे कोर फाईली बनूच न देणारं युलिमिट -सी ० टाकलं, आणि पूर्ण लॉगआऊट करून परत यायला सांगितलं कारण कुकी लॉगिनच्या वेळीच लिहिली जाते. "आला सर, आला नकाशा!" तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिला मीटिंगला सोडलं आणि बाकीच्यांचा कोटा कुठवर आलाय ते बघायला बसलो.