उरलेल्या रॅमचं काय करायचं?

‘मशीनमध्ये ३२ जीबी रॅम आहे, ब्राउझरसकट सगळं चालू असलं तरी पाच-सहा जीबीच लागते. उरलेली कामाला कशी लावू?’ लिनक्स डेस्कटॉप वापरणारे हे वारंवार विचारतात.

बहुतेकदा ती आधीच कामाला लागलेली असते. टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ चालवा आणि ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघा. डिस्कवरून वाचलेल्या फाइली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममधल्या पेज कॅशमध्ये राखून ठेवतो, म्हणून तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा चटकन उघडतो. कुणाला मेमरी लागली की ती जागा लगेच सोडली जाते. रॅम ‘मोकळी’ करण्यासाठी ‘ड्रॉप कॅशेस’ या कर्नलच्या सेटिंगमध्ये ३ लिहिणारी, म्हणजे कॅश रिकामी करणारी, स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत) लावली असेल, तर कृपया आजच काढा. तिच्यामुळे तयार कॅश जाते आणि सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं.

तुमच्या हातात खरं आहे ते टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्येच फाइली ठेवणारी फाइल सिस्टिम. कंपाइल करताना बनणाऱ्या फाइली, उलगडलेली झिप, व्हिडिओचे मधले तुकडे, असं पुन्हा तयार करता येणारं सगळं तिथे ठेवा. मर्यादा दिली नाही तर ती रॅमच्या निम्मी असते. माउंट करताना (फोल्डर म्हणून जोडताना) ‘साइझ’ ८ जीबी द्या. ही जागा आधीपासून अडवली जात नाही, फाइली येतील तेवढीच भरते. पण या फाइली ‘फ्री’च्या ‘बफ/कॅश’ रकान्यात दिसल्या तरी कॅशसारख्या टाकून देता येत नाहीत, फार तर स्वॅपमध्ये (रॅम कमी पडल्यास वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जातात. स्वॅप नसेल आणि रॅम भरत गेली, तर कर्नल एखादा प्रोग्राम मारतो. रीबूट झालं की सगळं गेलं, हे तर आहेच. टिकायला हवं ते ‘/व्हार/टीएमपी’मध्ये.

भरपूर रॅमचा एक त्रास मात्र हमखास होतो. पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी केली की पट्टी क्षणात पूर्ण होते आणि ‘इजेक्ट’ मिनिटन्‌मिनिटं अडकतं. कारण ‘डर्टी रेशो’, म्हणजे डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा उपलब्ध मेमरीच्या किती टक्के साठू द्यायचा ती मर्यादा, मुळात २० टक्के असतो. उपलब्ध मेमरी २६ जीबी असेल तर पाच जीबीपर्यंतचा डेटा डिस्कवर न लिहिता रॅममध्ये साठू शकतो. सेकंदाला २० एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हला तेवढ्यासाठी चार मिनिटं लागतात, आणि त्याआधी ड्राइव्ह ओढून काढला तर फाइल खराब. टक्क्यांऐवजी बाइट्स द्या: ‘सिसकंट्रोल’च्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलीत ‘डर्टी बाइट्स’ला २६८४३५४५६ (२५६ एमबी), आणि मागे गुपचूप लिहिणं कधी सुरू व्हावं ते ठरवणाऱ्या ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला ६७१०८८६४ (६४ एमबी). बाइट्स दिले की रेशो आपोआप शून्य दिसतो. तो बिघाड नव्हे. डेस्कटॉपसाठी सगळ्यात उपयोगी बदल हाच, असं माझं ठाम मत आहे.

स्वॅप पूर्ण बंद करू नका, दोन-चार जीबी राहू द्या. त्यात थोडा डेटा दिसला म्हणून घाबरू नका. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ (स्वॅपमधून आत येणारा डेटा) आणि ‘एसओ’ (स्वॅपमध्ये जाणारा) हे रकाने शून्याजवळ आहेत ना, तेवढं बघा.