ऑपरेशन आता, की सीझननंतर?

चारशे मीटर हर्डल्स पळणारी ती मुलगी माझ्याकडे आली ती निर्णय घेऊनच. निवड चाचणी झाली की ऑपरेशन. जांघेतलं दुखणं वर्षभर अंगावर काढलेलं. कुठे दुखतं विचारल्यावर तिनं बोट ठेवलं नाही. अंगठा मागे, बोटं पुढे असा पंजा करून खुबा धरला. सांध्याच्या आत दुखणारे खेळाडू बहुधा असंच दाखवतात.

एमआरआयमध्ये लॅब्रम, म्हणजे खुब्याच्या वाटीच्या कडेची कूर्चा, फाटलेलं; मांडीच्या हाडाच्या मानेवर कॅम, म्हणजे हाडाचा जादा उंचवटा. कोचनी त्यातलं 'फाटलंय' तेवढंच वाचलं. अजिबात न दुखणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही फाटलेलं लॅब्रम सर्रास दिसतं. म्हणूनच या दुखण्यावरच्या तज्ज्ञांच्या २०१६च्या वॉरिक सहमतीनं लक्षणं, तपासणी आणि इमेजिंग या तिन्हींचा मेळ मागितला. गुडघा छातीकडे वाकवून मांडी आत वळवली की ती कळवळायची, पण ही चाचणी इतर कारणांनीही दुखते. सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबलं, तेव्हा माझी खात्री पटली.

मग मी साधा एक्स-रे मागितला. "मॅडम, एमआरआय आहे की!" पण मला सांध्यातली फट बघायची होती. ती २ मिलिमीटरच्या खाली गेली की आर्थ्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनचा, फायदा फारसा टिकत नाही. हिची फट चांगली होती. म्हणजे घाई करायचं कारण नव्हतं.

"फिजिओ करून झालंय," असं तिनं सांगितलं होतं. काय केलं? शेक आणि मशीन! वर्षभर कुणी त्या खुब्यावर नीट वजन टाकलंच नव्हतं. याला उपचार म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. २०१८च्या ३४८ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत वर्षअखेर ऑपरेशनवाले पुढे होते, खुब्याच्या तक्रारींच्या १०० गुणांच्या मापावर सरासरी ६.८नी, पण व्यायामवालेही सुधारले होते, आणि तो व्यायाम चढत्या भाराचा, एकेकासाठी आखलेला होता.

लगेच ऑपरेशनसाठी कोचना टेनिसपटू अँडी मरे आठवला. मरेची खुब्यावरची जानेवारी २०१८ची शस्त्रक्रिया त्याला पुरली नाही. जानेवारी २०१९मध्ये खुब्यात धातू बसवला, त्यानंतर त्यानं ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली. ते ऑपरेशनच वेगळं. आर्थ्रोस्कोपीनंतर आधी कुबड्या, मग स्पर्धेत उतरायला साधारण सहा महिने, कधी त्याहून जास्त. ऑपरेशन लगेच केलं असतं तर सीझन गेलाच असता.

आम्ही बारा आठवडे ठरवले. खोल स्क्वॉट बंद, आतल्या मांडीचे आणि नितंबाचे स्नायू वजनावर, हर्डल्स हळूहळू. सरावानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उरलं तर भार कमी. पळणं सुधारलं, रात्रीची झोप सुधारली. हर्डलवरून ट्रेल लेग, म्हणजे मागचा पाय, ओढताना मात्र तीच कळ. ती चाचणी पळाली, निवड थोडक्यात हुकली.

आता ऑपरेशनची तारीख घेतली आहे. कोचच्या मते तीन महिने वाया गेले. मला ते पटत नाही. ती जास्त ताकदीचा पाय घेऊन टेबलावर जाणार आहे, आणि ऑपरेशन का करतोय हे आता तिला स्वतःला ठाऊक आहे. वाया गेलं ते त्याआधीचं वर्ष, आणि त्याचा हिशेब तिच्या कॅम्पमध्ये कुणी मागत नाही.